उवांना ऊब कळते

गावात कोण आजारी आहे हे वैद्याच्या आधी परटिणीला कळतं. कष्टाच्या घामाचा वास वेगळा आणि तापाच्या घामाचा वेगळा. कोणत्या घरात दिवस गेलेत, कोणत्या घरात नवरा-बायकोचं पटत नाही, कुणाच्या म्हाताऱ्याला रक्ताचा खोकला लागलाय, हे सगळं गाठोडं सोडलं की समोर येतं. लग्न होऊन आले तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "कापड बोलतंय ते ऐकायचं आन् सोडून द्यायचं." मी ते पाळलं. आता त्यातली बहुतेक माणसं गेली. माझी मुलगी शाळेत शिकवते. तिच्याकडं दिवाळी अंकासाठी माझ्या धंद्याविषयी लिहून मागितलं, म्हणून ती वही घेऊन बसलीय आणि मी सांगतेय. बोलणं माझं, अक्षर तिचं.

तिला वाटतं, मी इतकी वर्षं सरकारी दवाखान्यात धोबीण होते, तर तिथलं सांगावं. तिथं सांगण्यासारखं फार नाही. चादरी यायच्या, उकळायच्या, वाळायच्या. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, आमच्या गावातल्या एका हिवाळ्याचं.

आमचं गाव लोहाऱ्यापासून दोन कोसांवर. तेव्हा निजामाचं राज्य होतं. घरात मराठी, पेठेत निम्मी कानडी आणि कचेरीत उर्दू, असं आमचं बोलणं. गावात परटाचं घर एकच, आमचं. सासू वारली होती. मी आणि आमचे मालक, धोंडिबा, दोघं मिळून काम ओढायचो. मालक ओढ्यावर धुवायचे, मी घरोघर जाऊन कपडे गोळा करायची आणि भट्टी सांभाळायची.

परटाचं काम म्हणजे कपडे आपटणं, असं बाहेरच्यांना वाटतं. आपटल्यानं मळ सुटतो, पण कापड खरं स्वच्छ होतं ते भट्टीत. चुलाणावर पाण्याचा मोठा तांब्याचा हंडा ठेवायचा. खाराच्या पाण्यातून पिळून काढलेले कपडे त्याच्या तोंडाभोवती गोल रचत वर न्यायचे, विहिरीचा कठडा बांधतात तसे, आणि वरून जाड कापडानं झाकायचं. खाली जाळ. वाफ कपड्यांतून वर चढत जाते. अगदी वरच्या कापडावर हात ठेववेनासा झाला की भट्टी लागली असं समजायचं. नवखी परटीण खालचं कापड शिजलं की जाळ ओढते, आणि वरचे कपडे कच्चे राहतात. मला हे जमायला दोन वर्षं लागली, पण जमल्यावर माझ्या भट्टीतलं कापड कधी कच्चं राहिलं नाही.

त्या वेळी लढाई चालू होती. ती कुठं चाललीय हे आम्हाला ठाऊक नव्हतं, पण गावातलं कापड नाहीसं झालं होतं. कंट्रोलच्या दुकानात रांग लावून एखादं लुगडं मिळालं तर मिळालं. साबण दिसत नव्हता. गरीब बाईकडं एकच लुगडं असायचं. ती ओढ्यात उभी राहून अर्धं नेसायची, अर्धं धुवायची, मग वाळलेलं अर्धं नेसून उरलेलं धुवायची. थंडी पडली की तेही बंद. मग कपड्यांत उवा होत.

उवा दोन जातीच्या. एक डोक्यातली, ती सगळ्यांना माहीत आहे. दुसरी कपड्यातली. ती शिवणीत, घडीत, दुमडीत राहते, तिथंच अंडी घालते आणि भूक लागली की अंगावर येऊन रक्त पिऊन परत शिवणीत जाते. गार पाण्यात आपटली तरी ती मरत नाही. तिला मारायला वाफ लागते.

तिच्याबद्दल मला पहिली अक्कल एका अंमलदाराच्या शेरवानीनं शिकवली. हे साहेब तपासणीला गावात आले की त्यांची शेरवानी आमच्याकडं इस्त्रीला यायची. बरोबरचा शिपाई दर वेळी बजावायचा, "गावच्या कपड्यांचा वारा लागू देऊ नको हिला." एकदा शेरवानीची एक बाही झाली आणि इस्त्रीतले कोळसे निवत आले. मी इस्त्री विटेवर ठेवली आणि कोळसे आणायला गेले. परत येऊन बघते तर गळपट्टीच्या शिवणीतून चार-पाच उवा बाहेर पडून सरळ इस्त्रीकडं निघालेल्या. इस्त्रीपासून दोन बोटांवर येऊन त्या थांबल्या. त्या जागी मी हात धरला. तान्ह्या लेकराच्या गालाइतकी ऊब होती, जास्त नाही. मी मुद्दाम बसून राहिले. इस्त्री जसजशी निवत गेली तसतशा त्या आणखी पुढं सरकल्या. नवे कोळसे भरले तशा सगळ्या माघारी वळल्या.

मी मालकांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, "बघत काय बसलीस, इस्त्री फिरीव." गरम इस्त्री शिवणीवरून फिरवली की उवा आणि लिखा तडतड वाजतात, मोहरी तडतडते तशी. शेरवानी घडी करून दिली आणि शिपायाला सांगितलं, "साहेबांना म्हणावं, आता कशाचा वारा लागायचा न्हाय." त्याला ते कळलं नाही. उवा गरिबाच्याच अंगावर असतात असं जे म्हणतात, त्यांना मी आजही ही गोष्ट सांगते.

आता त्या हिवाळ्याकडं येते. गावाच्या कडेला मजुरी करणाऱ्यांची सात घरं होती. त्या घरांचे कपडे गावचा परीट धूत नसे. तसा रिवाज होता. तो का होता, हे मी तेव्हा विचारलं नाही, आणि आता बोलून मला चांगलं म्हणवून घ्यायचं नाही. त्या सात घरांत ताप शिरला. सहा दिवस अंग भट्टीसारखं तापायचं, सातव्या दिवशी घाम फुटून माणूस एकदम गार पडायचं. आठवडाभर बरं वाटायचं आणि ताप पुन्हा उलटायचा. लोक त्याला उलटा ताप म्हणायचे. तीन माणसं गेली तेव्हा पाटलानं लोहाऱ्याच्या दवाखान्यात वर्दी दिली.

डॉक्टर हैदराबादचे होते, तरुण, सायकलीवर आले. वस्ती बघून ते थेट आमच्या दारात उभे राहिले आणि "गाँव का धोबी कौन?" असं विचारलं. मालक पुढं झाले. डॉक्टर पायरीच्या दगडावर बसले आणि म्हणाले, "सुई की दवा नहीं है. लढाई में सब चली गई. आती तब तक ये बुखार आपकूच रोकना है."

हा ताप उवेच्या पोटात असतो, असं त्यांनी सांगितलं. मालकांना ते खरं वाटेना. मी आत जाऊन इस्त्री आणली आणि शेरवानीची गोष्ट सांगितली. डॉक्टरांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. त्यांनी वस्तीतून एका मेलेल्या माणसाचा सदरा काडीवर उचलून आणवला, अंगणात फरशीवर पसरला आणि जवळ माझी निवत आलेली इस्त्री ठेवली. उवा निघाल्या. त्या थांबल्या तिथं डॉक्टरांनी ताप बघायची काच धरली. पारा माणसाच्या अंगापेक्षा थोडा खाली होता.

"देखो," ते म्हणाले, "जूं कू बुखारवाला बदन नको, मुर्दा बी नको. उसकू अच्छा-भला गरम बदन होना."

मग त्यांनी मला समजावलं. चांगल्या माणसाच्या अंगाची जी ऊब, तेवढीच उवेला मानवते. माणूस तापानं फणफणलं की तिला ते सोसत नाही, ती निघते. माणूस गेलं आणि गार पडलं तरी ती निघते. निघून जायचं कुठं, तर जवळ जे कुणी उबदार असेल त्याच्याकडं. आणि जवळ कोण असतं? सेवा करणारं.

आमच्याकडं एक जुनी समजूत होती. आजारी माणसाच्या अंथरुणावर उवा चालताना दिसल्या की बायका म्हणायच्या, आता माणूस चाललं. उवांना आधी कळतं. इतकी वर्षं मी ते ऐकत होते. त्या दिवशी पायरीवर बसून पहिल्यांदा कळलं की उवांना मरण कळत नाही, त्यांना फक्त ऊब कळते.

डॉक्टर मला वस्तीत घेऊन गेले. बायकांशी बोलायला बाई हवी होती. पहिल्याच घरात काशी होती, वीस-बावीस वर्षांची. तिला सहावा दिवस होता. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. घरच्यांनी तिला जमिनीवर घेतलं होतं, कारण तिच्या उशाशी उवा चालताना सगळ्यांनी पाहिल्या होत्या. कोपऱ्यात तिचा नवरा गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. काशीचं डोकं तिच्या थोरल्या जावेच्या मांडीवर होतं. तिचं नाव ठकू. दोघींचं घर एकच, चूल एक. ठकूला मूल नव्हतं आणि काशी लग्न होऊन आली तेव्हा पोरच होती, म्हणून ठकूनंच तिला वाढवलं होतं.

ठकू रडत नव्हती. काशीच्या केसांतून, चोळीच्या शिवणीतून एकेक ऊ काढत होती आणि अंगठ्याच्या नखावर मारत होती. तिच्या दोन्ही नखांवर रक्त वाळलेलं होतं.

डॉक्टरांनी ते पाहिलं आणि मला हळूच सांगितलं, "उसकू बोलो, नाखून पे नको मारना. जहर वहीं से जाता."

मी ठकूजवळ बसले. म्हटलं, "ठकूबाई, नखावर मारू नगा. उवंच्या रगतात ताप हाय. जरा कुठं खरचटलं असलं की तिथनं अंगात जातोय."

ती माझ्याकडं बघत राहिली. "मग काय करू मी?" ती म्हणाली. "हातावर हात धरून बसू व्हय? तिचं डोस्कं म्या ती बारा वर्साची हुती तवापासून बघतेय."

नातं उवा मारून दाखवायचं असतं, आमच्याकडं बायकांचं असंच होतं. दुपारी उन्हात एकमेकींच्या पाठीमागं बसायचं, डोकं बघायचं आणि मनातलं बोलायचं. आणि तेच आता मी करू नका म्हणून सांगत होते.

डॉक्टरांचं म्हणणं एकच होतं. सातही घरांतले सगळे कपडे एकाच दिवशी वाफेत गेले पाहिजेत. आज एक घर, उद्या दुसरं, असं करून चालणार नाही, कारण उवा इकडून तिकडं जातील. अंगावरचं, अंथरुणाचं, पांघरुणाचं, काही उरता कामा नये.

पुरुष लंगोटीवर शेतात बसतील. पोरं उन्हात उघडी राहतील. पण अकरा बायका होत्या आणि प्रत्येकीकडं एकच लुगडं. ते भट्टीत गेल्यावर त्या दिवसभर काय नेसणार? डॉक्टर तरुण होते, त्यांनी मान खाली घातली. पाटलाकडं जुनी धोतरं मागितली, त्यानं दोन दिली.

घरी आले तेव्हा माझ्यासमोर पेठेतल्या दुकानदाराच्या घरचं गाठोडं पडलं होतं. लिंगायताचं मोठं घर, चार सुना. मोठी नीलव्वाअक्का. जत्रेसाठी काढलेली चौदा लुगडी धुवून, वाळवून, घडी करून ठेवली होती. इरकली, काठाची.

मी मालकांना सांगितलं, एक दिवस त्या बायकांना ही लुगडी नेसायला देऊ. दुसऱ्याचं कापड अंगाला लावणारा परीट म्हणजे चोर, असं आमच्यात मानतात. परटाच्या हाती गाव आपलं कापड देतं ते या एका भरवशावर. त्यात ही लुगडी आम्ही नेसणार नव्हतो. ज्यांच्या कापडाला आम्ही हातही लावत नव्हतो, त्यांना देणार होतो.

"मुक्ते," ते म्हणाले, "ह्ये कळलं तर गावात ऱ्हायला जागा मिळायची न्हाय."

"न्हाय कळलं तर?"

"न्हाय कळलं तरी मला कळलंय की."

सकाळी मी उठले तेव्हा चुलाण पेटलेलं होतं आणि शेजारी दोन दिवसांचं जळण रचलेलं होतं.

सगळ्या बायका एका घरात जमवल्या. मी दारात पाठ करून उभी राहिले. त्या आतून आपलं लुगडं काढून देत होत्या आणि मी एकेक घडी मागं सरकवत होते. ठकूच्या वाट्याला अक्कांचं हिरवं इरकली आलं. तिनं काठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "त्यांना सांगणार हाईस का?"

"न्हाय."

"मग मी भिंतीला टेकत न्हाय," ती म्हणाली. आणि खरोखरच ती दिवसभर घराच्या मधोमध बसून राहिली, पाठीला काही लागू न देता.

भट्टी सहा तास चालली. एरवी दीड-दोन तासांत निघते, पण मला भरवसा ठेवायचा नव्हता. वरचा थर खाली, खालचा वर, असं तीनदा रचलं. घोंगड्या वाफेत आटतात, म्हणून त्यांच्या काठांवर आणि शिवणींवर मालक इस्त्री फिरवत होते आणि तो तडतड आवाज मला चुलाणापर्यंत ऐकू येत होता.

दुपारी उरलेलं बघायला मी पुन्हा वस्तीत गेले. काशीचा ताप उतरला होता. सगळं अंग घामानं भिजलेलं आणि आता गार पडलेलं. दात वाजत होते, पण डोळे उघडे होते. ज्यांनी तिला जमिनीवर घेतलं होतं ते बाजूला उभे राहून बघत होते. तिच्या अंगावर एक गोधडी होती, जुन्या लुगड्यांची, बारीक टाक्यांची. ती भट्टीत यायची राहिली होती.

मी हात पुढं केला. ठकूनं गोधडीवर हात ठेवला.

"एवढी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पोर गारठलीया. समदं तर तू नेलंस. काय घालू तिच्या अंगावर?"

मला डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं. पण ती पोर मरणातून परत आली होती आणि थरथरत होती. मी म्हणाले, "बरं. उद्या दे."

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. अक्कांची लुगडी दोनदा वाफवून, धुवून, इस्त्री करून वेळेत पोचवायची होती, आणि भीतीनं माझं दुसऱ्या कशात लक्ष नव्हतं. गोधडी मी तिसऱ्या दिवशी आणली. ते तीन दिवस ठकू काशीला ऊब मिळावी म्हणून तिला कवटाळून त्याच गोधडीत झोपली होती. गोधडीतल्या उवांना गार पडलेली काशी नको होती आणि ठकू धडधाकट होती.

भट्टीपासून आठव्या दिवशी ठकूला ताप चढला. त्याच आठवड्यात काशीलाही उलटला, पण दुसऱ्या खेपेला तो हलका असतो. काशी उठून बसली, ठकूची सेवा करू लागली. वस्तीत तिसऱ्या कुणाला ताप आला नाही. डॉक्टर रोज सायकलीवर यायचे. सुईची दवा अजून आली नव्हती. सातव्या दिवशी ठकूला घाम फुटला, अंग गार पडलं. आम्हाला वाटलं, सुटली. पण तिची नाडी घामाबरोबर खाली खाली जात राहिली आणि दुपारी ती गेली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "एक बी कपडा छूटा था?"

मी म्हणाले, "एक गोधडी."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेटी बंद केली आणि "आगे से नको छोडना" एवढंच म्हणाले.

लुगड्यांचं प्रकरणही झाकून राहिलं नाही. भट्टीच्या दिवशी एक बाई पाण्याला गेली होती, तिच्या अंगावरचं लुगडं पेठेतल्या कुणीतरी ओळखलं. नीलव्वाअक्कांनी मला बोलावलं. लुगडी समोर मांडलेली होती. त्या कानडीत एवढंच म्हणाल्या, "यारु?" म्हणजे कोण?

मी सगळं सांगितलं. कुणी कोणतं नेसलं तेही. हिरवं इरकली ठकूनं नेसलं आणि ती दिवसभर भिंतीला टेकली नाही, हेही सांगितलं. ठकूला जाऊन तेव्हा दोन दिवस झाले होते.

अक्कांनी हिरवं लुगडं बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "आमच्या मालकांच्या कानावर मी घालणार नाही. पाटलाकडंही जाणार नाही. पण आमचं कापड आता तुझ्याकडं येणार नाही, मुक्ता. मला रोज नेसताना ते आठवेल."

"बरुबर हाय अक्का," मी म्हणाले.

ते घर आम्हाला परत मिळालं नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांनी गावभर केलं असतं तर आम्हाला उठावं लागलं असतं. अनेक वर्षांनी जत्रेत त्या भेटल्या तेव्हा थांबून माझी चौकशी केली, पण त्या विषयावर बोलल्या नाहीत.

त्या हिवाळ्यात डॉक्टरांनी मला आसपासच्या चार गावांत नेलं. तिथल्या परटांना भट्टी कशी लावायची, कुठलं कापड किती वेळ, हे मी दाखवायची. बायकांनी नेसायला काय द्यायचं याची सोय डॉक्टरांनी कचेरीतून मांजरपाटाची ठाणं मिळवून केली. पहिल्या गावाला निघाले तेव्हा काशी येऊन उभी राहिली. "मला जाळ घालता येतोय," ती म्हणाली. मी तिला घेतलं. ती फार बोलायची नाही. लाकडं फोडायची, जाळ सारखा ठेवायची, कपडे आत जाताना मोजायची आणि बाहेर येताना पुन्हा मोजायची. एखाद्या घरातून काही यायचं राहिलं की तीच जाऊन आणायची. कुणी रडलं, भांडलं, तरी आणायची. गोधड्यांच्या बाबतीत तर ती कुणाचंच ऐकत नसे.

चौथ्या गावात शेवटच्या दिवशी भट्टी उतरवून आम्ही दोघी उन्हात बसलो होतो. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "काशे, ती गोधडी म्या सोडली. ठकूबाईनं मागितली आन् म्या ऱ्हाऊ दिली. न्यायला पाहिजे हुती."

ती हातातल्या काडीनं माती उकरत होती. म्हणाली, "त्यांनी न्हाय मागितली, वैनी. म्या मागितली. ती गोधडी माझ्या आईच्या हातची हुती, तिच्याच लुगड्यांची. जुनीपानी. उकळली तर इरून जाईल असं वाटलं मला. तुमी यायच्या आदी म्या थोरल्या बाईंच्या कानात सांगितलं, काय बी सांगा पर ही देऊ नगा. थंडीचं त्यांनी आपल्या मनानं सांगितलं."

मी भट्टीवरचं जाड कापड घडी घालू लागले.

"मागणारी मी, सोडणारी तुमी," ती म्हणाली, "आन् गेली ती."

समोर वाळत घातलेल्या कपड्यांवरून वारा जात होता. मग तिनं माझ्याकडं तोंड केलं आणि विचारलं, "वैनी, तुमचा तर ह्योच धंदा हाय. खरं सांगा. इरली असती का वो ती?"

ती गोधडी मी तिसऱ्या दिवशी भट्टीत घातली होती, स्वतःच्या हातानं. सुती कापड होतं, घट्ट टाक्यांचं. वाफेतून निघाली तेव्हा तिचा एक टाका सुटला नव्हता. मीच ती पिळून, वाळवून, ठकूच्या शेवटच्या दिवशी धावपळीत काशीच्या नवऱ्याच्या हातात दिली होती. ठकूच्या अंगावर तीच होती, आणि ठकूबरोबरच ती गेली. काशीला ती नीट बघायला मिळाली नव्हती. कापडाबद्दल विचारलं तर परटिणीनं खोटं सांगू नये. तोवर मी कधी सांगितलं नव्हतं.

मी म्हणाले, "व्हय. इरली असती."